हिरवट पडद्यावरचा लाल नंबर

साहेबराव ओव्हाळ भुतांना घाबरत नसत. यात शौर्याचा भाग थोडा आणि तत्त्वाचा जास्त होता. भूत नसतंच, आणि जे नाही त्याला घाबरत बसायला नोकरदार माणसाला सवड कुठली?

तीस वर्षं ते रेल्वेत कीमन होते. कीमन म्हणजे खांद्यावर हातोडा, पाना आणि दोन झेंड्या टाकून रोज आपल्या पट्ट्यातले रूळ पायी तपासत जाणारा माणूस. सैल झालेली चावी ठोकायची, रूळ तडकलेला दिसला तर लाल झेंडी घेऊन गाडीच्या तोंडावर धावायचं. दौंडजवळचा भीमेचा पूल साहेबरावांच्या पट्ट्यात होता. त्या पुलावरून किती जणींनी उड्या टाकल्या आणि त्यांतल्या किती जणी अमावस्येला लोखंडी कमानीवर केस विंचरत बसतात, याची आकडेवारी गँगमधल्या प्रत्येकाला तोंडपाठ होती. साहेबराव म्हणत, "नऊ हजार येळा गेलो आसंन त्या पुलावरनं. एकीनं तरी टाइम इचारला का?"

पंच्याण्णव साली गणपती दूध पितो म्हणून सगळा देश वाट्या घेऊन रांगेत उभा राहिला, तेव्हा साहेबरावांनी रेल्वे कॉलनीत दोन रूळ जोडायची एक गंजकी लोखंडी पट्टी, म्हणजे फिशप्लेट, उभी करून तिला चमच्यानं दूध पाजून दाखवलं होतं. फिशप्लेटनं अर्धी वाटी संपवली. त्यांच्या पत्नी ताईबाई यांचं म्हणणं एवढंच पडलं, की तेवढ्यात दोघांचा चहा झाला असता. पण साहेबरावांचं नाव झालं. निवृत्तीनंतर वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी ते अंधश्रद्धेवर बोलत. ताईत, लिंबू-मिरची, अंगात येणं, उतारा हे सगळं ते एकेक करून निकालात काढत, आणि लोक ऐकत. ज्या घरातला दृष्ट काढायचा कार्यक्रम रविवारी असे, त्या घरातले तो सोमवारी करत.

अशा माणसाच्या घरात दोन हजार सहाच्या डिसेंबरात मोबाईल आला. तो त्यांच्या मुलासाठी, म्हणजे सुमितसाठी आला, पण राहिला साहेबरावांच्या खिशात. सुमितनं आयटीआयला फिटर ट्रेड केला होता आणि तो जिथं तिथं अर्ज करत होता. अर्जावर संपर्काचा रकाना असे, आणि शेजारच्याचा नंबर 'पीपी' म्हणून लिहिला की साहेब लोक पुढचा कागद बघतात, असं सुमितचं निरीक्षण होतं. म्हणून हा फोन. डोक्यावर टॉर्च, हिरवट पडदा, त्यावर काळे आकडे. कार्ड 'लाइफटाइम', म्हणजे आलेला फोन आयुष्यभर फुकट. साहेबरावांनी दुकानदाराला विचारलं होतं, "आयुष्यभर म्हंजी कुणाच्या? माझ्या का कार्डाच्या?" दुकानदारानं पावती दिली. 

पुढच्या मे महिन्यात दौंडच्या नळावर बातमी आली, की मोबाईलवर एक नंबर येतो, तो लाल अक्षरात दिसतो, आणि उचलला की माणूस जागच्या जागी मरतो.

मेलेला माणूस नेहमी पुढच्या गावचा असे. दौंडमध्ये बारामतीचा मेलेला, बारामतीत दौंडचा. मग मेसेज यायला लागले. इंग्रजी अक्षरांत मराठी, वाचता वाचता डोकं दुखावं असे. सुमितनं एक वाचून दाखवला: हाय फ्रिक्वेन्सी सोडतात, कानातून मेंदूत जाते, नस फुटते, आजवर सत्तावीस मेले, हा मेसेज दहा जणांना पाठवा. चौथ्या दिवशी पेपरात आलं की ही निव्वळ अफवा असून नागरिकांनी घाबरू नये. साहेबरावांचा सरकारी नोकरीतला अनुभव असा, की घाबरण्यासारखं काही असल्याखेरीज 'घाबरू नये' असं कुणी छापायला जात नाही.

"आप्पा, तुम्ही बी?" सुमित म्हणाला. "आन् रविवारी इहारात काय सांगता?"

"रविवारचं येगळं. तितं मंत्र आसतोय. ह्यात मंत्र कुठं हाय? फ्रिक्वेन्सी हाय. फ्रिक्वेन्सी नसती म्हनतो का तू? मंग रेडिओ वाजतो कसा?"

"रेडिओनं कुनी मेलंय का?"

"रेडिओ आपुन कानाला चिकटवत न्हाई."

ताईबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "दूध पिनाऱ्या पट्टीला घाबरले न्हाईत, आन् ह्या साबणाच्या वडीयेवढ्याला घाबरत्यात."

थट्टा करणाराला थट्टा सोपी होती. साहेबरावांची अडचण खरी होती. जन्मभर त्यांनी देवाभुतांच्या येण्याच्या वाटा एकेक करून बुजवल्या होत्या. ही भीती विज्ञानाच्या दारानं आली, आणि ते दार त्यांनी स्वतःच सताड उघडं ठेवलेलं. एखादी म्हातारी असती तर तिनं फोनला काळा दोरा बांधला असता आणि निवांत झोपली असती. साहेबरावांना तीही सोय नव्हती.

दुसरी अडचण त्याहून वाईट होती. लाल नंबर लाल दिसायला फोन रंगीत लागतो. साहेबरावांच्या फोनवर सगळेच आकडे काळे. ज्यांच्याकडे भारी फोन होता त्यांना मरण निदान ओळखू तरी येणार होतं. साहेबरावांच्या फोनवर मात्र ते सुमितच्या मामासारखंच दिसणार, विमा विकणाऱ्या पोरीसारखंच दिसणार. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते दाढी करत होते. उरलेला अर्धा गाल त्यांनी दुपारी केला.

आणि फोन बंद करून टाकावा म्हटलं, तर तेही जमेना. कारण सुमितचं काम नेमकं त्याच फोनवर लटकलेलं. रांजणगावच्या एका कंपनीत तीन फिटर घ्यायचे होते. मुलाखती झाल्या, गेटवर यादी लागली. तिसरा नंबर रविराजचा आणि चौथा सुमितचा. रविराज म्हणजे सर्जेरावांचा मुलगा. सर्जेराव मांडवगण फराट्याचे. साहेबरावांबरोबर एकाच गँगमध्ये अठ्ठावीस वर्षं होते, आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं दोघांनी एकमेकांचे डबे खाल्ले होते. एकाच वर्षी रिटायर झाले. सर्जेराव गावी जाऊन उसाला पाणी द्यायला लागले. दोघांच्या पोरांनी एकाच आयटीआयमध्ये, एकाच बाकावर बसून ट्रेड पूर्ण केला. कंपनीनं सांगितलं होतं, अर्जावरच्या नंबरला फोन करू. आठवडाभर पोरगा आला नाही किंवा फोन लागला नाही, तर पुढच्याला बोलावू.

साहेबरावांनी रेल्वेच्या शिस्तीत नियम ठरवला. कंपनी शिरूर तालुक्यातली, तेव्हा तिचा नंबर शून्य दोन एक तीन आठनं सुरू होणार. तेवढाच उचलायचा. बाकी कुणाचाही नाही. फोन स्टीलच्या डब्यात, झाकण उघडं ठेवून, ओसरीच्या कोनाड्यात. वाजला की साहेबराव चष्मा लावत, हातभर लांबून वाकून आकडे वाचत, आणि ते वाचून होईपर्यंत फोन बहुतेक थांबलेला असे. सुमितनं हात लावायचा नाही. हे शेवटचं कलम त्यांनी असल्या आवाजात सांगितलं, की सुमितनं वाद घातला नाही.

सर्जेराव गेल्याचा निरोप म्हणूनच फोनवर आला नाही. तो वडापच्या जीपच्या ड्रायव्हरनं आणला, सोमवारी दुपारी.

साहेबराव पोचले तेव्हा सर्जेरावांना बाहेर आणून ठेवलं होतं. सकाळपर्यंत धडधाकट असलेला माणूस. कस्तुराबाई, सर्जेरावांची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. साहेबरावांना पाहून त्यांनी पदर डोळ्याला लावला.

"भाऊजी, कायसुदिक झालं न्हवतं वो त्यास्नी. च्या पिऊन मोटर चालू कराया गेलं. शेजारच्या वावरातल्यांनी बगितलं म्हनं. फोन वाजला, उचालला, बोलले, हासले, आन् बांधावर बसले. बसले ते बसलेच."

"हासले?"

"मोठ्यांदा हासले म्हनं."

मागे उभ्या असलेल्या एका भावकीतल्या माणसानं खालच्या आवाजात माहिती पुरवली, "नस तानली की मानूस हासतंय. मेसेजमदी हाय तसं."

 आजवरचे सत्तावीस मेलेले पुढच्या गावचे होते. हा अठ्ठाविसावा साहेबरावांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्लेला.

सर्जेरावांचा फोन रविराजनं आयटीआयनंतरच्या ट्रेनिंगच्या पगारातून घेतलेला, रंगीत. सगळं आटोपल्यावर साहेबरावांनी तो रुमालात धरून मागवला आणि उचललेल्या फोनांची यादी उघडायला लावली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. मोबाईलचा नंबर. नाव नाही. शेवटी चव्वेचाळीस सतरा.

"पर काळाच दिसतोय की," रविराज म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते.

"लाल फकस्त वाजताना दिसतो," भावकीतला माणूस म्हणाला. "मागनं काळा पडतो."

साहेबरावांनी खिशातली डायरी काढली. तिच्यात ते पूर्वी तडकलेल्या रुळांचे किलोमीटर टिपत. त्यांनी नंबर लिहून घेतला. दोनदा ताडून पाहिला. मग ते कस्तुराबाईंसमोर जाऊन उकिडवे बसले.

"वहिनी, ह्याची बॅटरी काढा. हा फोन आता चालू करायचा न्हाई. कुनी सांगितलं तरी न्हाई. रविराज, तू तर हातच लावू नको. एक गेला तेवढा पुरे."

हे दुसरं कुणी बोललं असतं तर बायकांनी ऐकलं असतं आणि पोरांनी सोडून दिलं असतं. पण हे साहेबराव बोलले होते, फिशप्लेटला दूध पाजणारे. साहेबरावांसारखा माणूस घाबरतोय म्हणजे घाबरायला हवं, असा हिशेब अंगणातल्या प्रत्येकानं आपापल्या मनाशी केला. ते निघेपर्यंत मांडवगणातले निदान पंधरा मोबाईल बंद झाले होते.

पुढचे सात दिवस साहेबराव ओसरीवर, कोनाड्यासमोर बसून होते.  डुलकी लागली की सर्जेराव बांधावर बसून हसताना दिसत. रविवारी विहारात त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं. फोन दिवसातून पाच-सहा वेळा वाजे आणि प्रत्येक वेळी ते आधी भिंतीला पाठ लावत, मग चष्मा लावत. भीमेच्या पुलावर एकदा मध्यावर असताना समोरून मालगाडी आली होती. तेव्हा ते माणसाला उभं राहायला बाजूला केलेल्या लोखंडी पिंजऱ्यात शिरून अंग चोरून उभे राहिले होते, आणि गाडी गेल्यावर त्यांनी बिडी पेटवली होती. गाडी तिच्या रुळावरून जाते. आपण बाजूला झालो की झालं. ह्याला बाजू कुठली?

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. साहेबरावांनी चष्मा लावला, वाकले. शून्य दोन एक तीन आठ नव्हतं. ते शेवटच्या चार आकड्यांपर्यंत आले.

चव्वेचाळीस सतरा.

त्यांनी डायरी उघडली. पान दोनदा चुकलं. तेवढ्यात फोन थांबला. नंबर तोच होता. दहाच्या दहा आकडे. सर्जेरावांना घेऊन गेलेला नंबर आता त्यांचं घर शोधत आला होता.

"कुनाचा व्हता?" सुमित आतून आला. बापाचा चेहरा बघून त्यानं डायरीत डोकावलं, मग फोनकडे पाहिलं. "आप्पा, ह्यो कुणाचा तरी साधा नंबर हाय. मला उचलू द्या."

"हात लावायचा न्हाई!"

"कंपनीचा आसंन तर?"

"कंपनीचा शून्य दोन एक तीन आठ."

फोन पुन्हा वाजला. साहेबरावांनी दोन्ही हात आडवे धरून सुमितला मागं रेटलं. वीस सेकंद तो वाजत राहिला, आणि बापलेक ओसरीवर कुस्तीगिरांसारखे एकमेकांना धरून उभे राहिले. फोन थांबला. सुमितनं चपला घातल्या.

"कुठं निघाला?"

"टपरीवर. कॉइनबॉक्सवरनं लावतो ह्या नंबरला. डायरीतला मला पाठ झालाय."

आपण लावलेल्या फोनातून फ्रिक्वेन्सी येते की नाही, याबद्दल मेसेजमध्ये काही नव्हतं. साहेबरावांनी क्षणभरात विचार केला: तार तीच, दोन्हीकडून वाहणार.

"थांब," ते म्हणाले. "परत वाजला की मी उचलतो. तू आन् तुझी आई भायेर जा. पार गल्लीच्या टोकाला. मी हाक मारल्याबिगर यायचं न्हाई."

"आन् तुमाला काय झालं म्हंजी?" ताईबाई दारात आल्या होत्या. अजून त्यांच्या तोंडावर निम्मं हसू होतं.

"पेन्शनची कागदं पत्र्याच्या पेटीत हायेत. फॅमिली पेन्शनचा फारम भरून ठिवलाय. फकस्त तारीख टाकायची ऱ्हायलीय."

ताईबाईंचं हसू गेलं. गेले पंधरा दिवस त्यांनी नवऱ्याची टर उडवली होती. हा माणूस खरोखर मरायला बसला आहे हे त्यांना आत्ता कळलं. त्यांनी सुमितचा दंड धरला आणि त्याला बाहेर नेलं.

साहेबरावांनी दार लावून घेतलं. त्रिशरण म्हणावं असं मनात आलं. पण भीतीपोटी म्हटलेलं त्रिशरण म्हणजे ताईतच, असं ते स्वतः सांगत आले होते. तेव्हा काहीच न म्हणता ते जमिनीवर बसले. पडलो तर उंचावरून नको. फोन समोर ठेवला.

तो वाजला. साहेबरावांनी डोळे मिटून हिरवं बटण दाबलं आणि फोन कानाला लावला.

"हॅलो, सुमित ओव्हाळ का?" एका मुलीचा आवाज होता, जरासा वैतागलेला.

 साहेबराव आतल्या आत चाचपत होते: डावा हात, उजवा हात, डोकं.

"हॅलो? आवाज येतोय का?"

"येतोय," साहेबराव म्हणाले. त्यांनाच त्याचं नवल वाटलं. "मी त्याचा वडील."

"काय हो काका, तीनदा लावला. रांजणगावहून बोलतेय, कंपनीतून. सुमितला उद्या नऊ वाजता मेडिकलला पाठवा. ओरिजनल सर्टिफिकेटं आणायला सांगा."

"ताई, हा नंबर तुमचा हाय? कंपनीचा शून्य दोन..."

"लँडलाइनची केबल खोदलीय कुणीतरी, पंधरा दिवस झाले. सगळे फोन ह्याच मोबाईलवरनं चाललेत." मग ती जरा मोकळी झाली. "तुमचा मुलगा वेटिंगला होता खरं तर. तिसऱ्या नंबरच्या मुलाच्या वडिलांना मी मागच्या सोमवारी कळवलं होतं. इतके खूश झाले हो! मोठमोठ्यानं हसत होते फोनवर. मला म्हणाले, पेढे घेऊन येतो तुमच्या ऑफिसात. आणि पोरगा आलाच नाही. त्या दिवसापासून फोन सारखा बंद. काय लोक असतात! आज आठवडा झाला. तुम्ही पाचपर्यंत नक्की कळवा, नाहीतर पाचव्याला लावते."

फोन बंद झाला. साहेबराव जिवंत होते, आणि आता त्यांना दरदरून घाम फुटला.

सर्जेराव हसले ते पोराला नोकरी लागली म्हणून. ती बातमी कुणाला सांगायच्या आत, बांधावर बसल्या बसल्या त्यांचं हृदय थांबलं. एवढं आयुष्यात होतं. त्याला कुणी काही करू शकलं नसतं. पण त्यानंतर आठवडाभर ती मुलगी फोन लावत होती, आणि तो फोन बंद होता, कारण साहेबराव ओव्हाळ यांनी तो बंद करायला लावला होता. सुमितची जागा चालत आली होती ती त्या वाटेनं.

त्यांनी दार उघडलं. ताईबाई आणि सुमित गल्लीच्या टोकाला गेलेच नव्हते. पायरीपाशीच उभे होते.

"कोन व्हतं?"

"राँग नंबर," साहेबराव म्हणाले.

"बगा!" ताईबाई रडता रडता हसायला लागल्या. "बगा, जित्ते हायेत का न्हाई!"

सुमित हसला नाही. तो बापाकडे बघत राहिला. साहेबरावांनी फोन खिशात घातला, टोपी घेतली आणि सर्जाच्या घरी जाऊन येतो म्हणून निघाले.

मांडवगणला जायला मध्ये एकदा वडाप बदलावं लागे. पहिल्या जीपमध्ये अठरा माणसांत चेपून बसलेले असताना साहेबरावांच्या मनात आलं, की रविराजला बोलावणं आलं होतं हे सर्जेराव आणि आपण, दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक गेला. त्या मुलीला फक्त यादी माहीत. कस्तुराबाईंना काही कळणार नाही, कधीच नाही. रविराज शिकलेला आहे, ऊस आहे, दुसरीकडे लागेल. सुमितला ऊस नाही. आपण काही करायचं नाही. फक्त पाचच्या आत एक फोन करायचा, आणि घरी जायचं. आजवर ते भुताला, नंबराला घाबरले होते की नव्हते, तो भाग वेगळा. आता त्यांना स्वतःची भीती वाटायला लागली, आणि तिच्यापासून लांब व्हायला गल्लीचं टोक पुरणार नव्हतं.

गाडी बदलायच्या फाट्यावर दोन जीपा उभ्या होत्या. एक मांडवगणची, एक परत दौंडची. साहेबरावांनी चहा घेतला. दौंडची भरली आणि गेली. त्यांनी ठरवलं म्हणून ते थांबले, की ती भरली म्हणून थांबले, हे त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही.

कस्तुराबाई त्याच भिंतीला होत्या. रविराज उपरणं पांघरून बसला होता. साहेबरावांनी पाणीही घेतलं नाही.

"सर्जाचा फोन कुठाय?"

"तुम्हीच सांगितलं व्हतं का न्हाई, भाऊजी," कस्तुराबाई म्हणाल्या. "सावडायच्या दिवशी राखंसंगं नदीत सोडला. घरात नको म्हनले समदे."

साहेबराव त्यांच्यासमोर खाली बसले. मग त्यांनी सांगितलं. काही गाळलं नाही. बॅटरी काढायला लावली त्याबद्दल तर दोनदा सांगितलं. अंगणातले लोक जवळ आले. 

कस्तुराबाईंनी एकच विचारलं. "हासले ते त्येच्यापायी?"

"व्हय वहिनी."

"मंग मला हाळी द्यायची न्हाई का? मी काय लांब व्हते? गोठ्यात तर व्हते." त्या साहेबरावांना विचारत नव्हत्या. त्यांनी पदरात तोंड घातलं आणि पहिल्या दिवशी रडल्या नसतील तशा रडायला लागल्या.

रविराज म्हणाला, "काका, मग आता ती जागा सुमितची ना?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच साहेबरावांना सोसेना. घड्याळात साडेचार वाजून गेले होते. त्यांनी खिशातून फोन काढला आणि चव्वेचाळीस सतराला लावला. फोन कानाला लागताच अंगणातली माणसं दोन पावलं मागं सरकली. साहेबरावांनी आठ दिवसांपूर्वी पेरलेलं एका चहाच्या वेळात कसं उपटलं जाणार?

"ताई, ओव्हाळ बोलतोय. सुमित येनार न्हाई. तिसऱ्या नंबरचा पोरगा माझ्यासमोर हाय. त्येचा बाप तुमच्याशी बोलला आन् त्याच सकाळी वारला. फोन बंद झाला ती चूक माझी."  मग त्यांनी फोन रविराजपुढे धरला. रविराजनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"दहावा झाल्याबिगर घर सोडायचं नसतंय," भावकीतला माणूस म्हणाला.

"जाऊ द्या त्येला," कस्तुराबाई पदरातूनच म्हणाल्या. "त्येच्या बापानं कबूल केलंय तिला."

रविराजनं फोन घेतला. कानापासून चार बोटं लांब धरून तो "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिला.

घरी पोचले तेव्हा सुमित ओसरीवर बसला होता. साहेबरावांनी वाटेत बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं: मैत्री, न्याय, माणुसकी, रविवारी बोलत तसं. ते काहीच निघालं नाही. जे घडलं तेवढं त्यांनी सांगितलं, उभ्या उभ्या, चपला न काढता. 

सुमितनं पूर्ण ऐकून घेतलं.

"आप्पा, मला सांगितलं असतं तर मी बी न्हाईच म्हनलो असतो," तो म्हणाला. "रव्याची जागा मी घेतली असती व्हय? पर राँग नंबर म्हनलात तुम्ही मला."

 ताईबाईंनी ताटं वाढली, दोघांची वेगवेगळ्या वेळी.

जूनमध्ये रविराज कामावर लागला. अफवा तोवर विरून गेली होती आणि तिच्यावर आपला कधी विश्वास बसलाच नव्हता, असं दौंडात प्रत्येक जण सांगत होता. साहेबराव तसं सांगत नसत. विहारात पुन्हा बोलायला उभं राहायला त्यांना पाच रविवार लागले, आणि उभे राहिले तेव्हा आधी त्यांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली. लोक हसतील असं त्यांना वाटलं होतं. कुणी हसलं नाही, ते हसण्यापेक्षा जड गेलं.

जुलैत एका दुपारी सुमित जमिनीवर पालथा पडून कुरकुंभच्या एका कारखान्याचा अर्ज भरत होता. साहेबराव खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. सुमितनं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, ट्रेड लिहिला. मग संपर्काच्या रकान्यापाशी येऊन त्यानं पेन उचललं, खिशातून एक चिठोरी काढली आणि तिच्यावर बघून सावकाश दहा आकडे उतरवले. स्वतःच्या घरचा नंबर कुणी चिठोरीवरून उतरवत नाही. आकडे साहेबरावांना उलटे दिसत होते, तरी शेवटचे चार कळले. शिरूरला राहणाऱ्या त्याच्या मावशीचे, कुशाबाईंचे होते. त्यापुढं कंसात त्यानं 'पीपी' लिहिलं.

साहेबरावांनी विचारायला तोंड उघडलं होतं. मग त्यांना भीती वाटली, की हा उत्तर देईल. त्यांनी पेपर वर केला.